शंभर पार्सलांचा हिशोब

कल्याणच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत माल उतरवणाऱ्या शेतकऱ्याला विक्रीनंतर एक कागद मिळतो. त्याला पट्टी म्हणतात. वरच्या ओळीत वजन आणि भाव, त्याखाली गाडीभाडे, हमाली, तोलाई आणि तळाला हाती पडणारी रक्कम. अनुभवी शेतकरी पट्टी खालून वर वाचतो. भाव कितीही चांगला मिळाला असला तरी तळाचा आकडा काय सांगतो ते आधी बघायचे आणि मग मधल्या ओळींत कोणी किती घेतले ते शोधायचे. या मधल्या ओळींवरून महाराष्ट्रात वर्षानुवर्षे भांडणे झाली आहेत. २०१६ साली फळे-भाजीपाल्यावरची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असे राज्य सरकारने ठरवले, तेव्हा व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवून विरोध केला. पट्टीतली एक ओळ कोणाच्या खात्यात पडावी, एवढाच तो प्रश्न होता.

ऑनलाइन बाजारात माल विकणाऱ्यालाही अशीच पट्टी मिळते. सेलर पॅनलमधून ती एक्सेलच्या फाइलीच्या रूपात उतरवून घ्यावी लागते. तिच्यात डझनावारी रकाने असतात, काहींत इंग्रजी आद्याक्षरे, काहींत उणे चिन्हे. पुष्कळ नवे विक्रेते ती उघडतच नाहीत. दर आठवड्याला बँकेत काहीतरी जमा होते, माल हलतो आहे, ऑर्डरींचा आकडा वाढतो आहे, म्हणजे धंदा बरा चालला आहे असे त्यांना वाटते. वर्षअखेरीला चार्टर्ड अकाउंटंट ताळेबंद पुढे ठेवतो, तेव्हा कळते की उलाढाल लाखांची झाली आणि घरात उरले ते एखाद्या कारकुनाच्या पगारापेक्षाही कमी.

हे टाळण्यासाठी पट्टी वाचता यावी लागते, आणि ती वाचण्याची एक रीत आहे. एका नगावर काढलेला नफा ऑनलाइन धंद्यात जवळजवळ नेहमी फसवतो. हिशोब करायचा तो पाठवलेल्या शंभर पार्सलांवर. या प्रकरणात एक कुर्ती घेऊन तो सगळा मांडून दाखवायचा आहे.

त्याआधी जागेविषयी थोडे. ठाणे जिल्हा हा देशातल्या ऑनलाइन व्यापाराचा एक मोठा सांधा आहे. अ‍ॅमेझॉनने जून २०१३ मध्ये भारतात आपली बाजारपेठ सुरू केली, तेव्हा तिचे पहिले गोदाम भिवंडीत होते. मुंबई-नाशिक महामार्ग, मुंबईची बाजारपेठ आणि न्हावा-शेवा बंदर हाताशी आणि जमीन मुंबईपेक्षा कितीतरी स्वस्त, यामुळे माणकोली, काल्हेर, पूर्णा, दापोडे अशा गावांच्या शिवारात गोदामांच्या रांगाच्या रांगा उभ्या राहिल्या. दुसऱ्या बाजूला उल्हासनगर. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांनी वसवलेले हे शहर आज जीन्स आणि तयार कपड्यांचे मोठे घाऊक केंद्र आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत दोन खोल्यांच्या घरातून विक्री करणाऱ्याला माल तासाभराच्या अंतरावर मिळतो आणि गोदामही तासाभराच्या अंतरावर आहे. मोठागाव-माणकोली पूल खुला झाल्यापासून डोंबिवली आणि भिवंडीचा गोदामपट्टा आणखी जवळ आले. ही सोय मोठी आहे, आणि तिच्यामुळेच कित्येकजण पुरेसा हिशोब न करता या धंद्यात उतरतात.

आता कुर्ती. पुढचे दर उदाहरणासाठी धरलेले आहेत. प्रत्येक बाजारपेठेचे दर वेगळे असतात, वस्तूच्या प्रकारानुसार बदलतात आणि वर्षातून एकदोनदा सुधारलेही जातात, म्हणून इथले आकडे पाठ करू नका, त्यांची मांडणी लक्षात ठेवा. घाऊक बाजारात कुर्ती २१० रुपयांना पडली, वर ५ टक्के जीएसटी म्हणजे साडेदहा रुपये. ऑनलाइन विक्रीची किंमत ४९९, त्यात जीएसटी धरलेला. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या कपड्यांवर ५ टक्के दर आहे, म्हणजे या ४९९ मधले सुमारे २४ रुपये सरकारचे आणि विक्रेत्याची खरी विक्री ४७५ रुपयांची.

इथेच पहिली चूक होते. ‘२१० चा माल ४९९ ला, म्हणजे दुपटीहून जास्त’ असे डोक्यात बसते. खरेदीवर किती टक्के चढवले आणि विक्रीतले किती टक्के उरले हे दोन निरनिराळे आकडे आहेत. बाजारपेठेची सगळी कापणी विक्रीच्या किमतीतून होते, त्यामुळे विक्रेत्यानेही टक्केवारी विक्रीवरच काढावी.

बाजारपेठ आपले शुल्क तीन ओळींत घेते. पहिली ओळ कमिशनची, म्हणजे विक्रीच्या किमतीचे काही टक्के. आपल्या उदाहरणात १० टक्के, सुमारे ५० रुपये. दुसरी ओळ ठरावीक रकमेची. प्रत्येक ऑर्डरमागे, किमतीच्या टप्प्यानुसार आकारली जाणारी ही रक्कम कुठे क्लोजिंग फी म्हणून ओळखली जाते, कुठे फिक्स्ड फी. ती २० धरू. तिसरी ओळ वाहतुकीची. पार्सल किती जड आणि किती लांब जाणार यावर ती ठरते. शहरातल्या शहरात, जवळच्या विभागात आणि देशभर असे साधारण तीन पल्ले असतात. सरासरी ६५ धरू. बेरीज १३५. या सेवेवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी २४ रुपये ३० पैसे. ४९९ मधून १५९ रुपये ३० पैसे इथेच गेले.

याशिवाय दोन लहान कपाती दिसतात आणि नवखा माणूस त्यांनाच सर्वांत जास्त घाबरतो. एक जीएसटीखालची टीसीएस. १० जुलै २०२४ पासून ती १ टक्क्यावरून अर्ध्या टक्क्यावर आली. दुसरी प्राप्तिकर खात्याकडे जाणारी टीडीएस. १ ऑक्टोबर २०२४ पासून ती १ टक्क्यावरून ०.१ टक्क्यावर उतरली. आपल्या कुर्तीवर दोन्ही मिळून तीन रुपयांच्या आत. ही रक्कम खर्चात धरायची नाही. टीसीएस जीएसटी पोर्टलवर आपण मान्य केली की रोख खात्यात जमा होते आणि टीडीएस विवरणपत्र भरताना करातून वळते होते. मात्र दोन्ही मागून घ्यावी लागतात. पोर्टलवर कोणी बोटही न लावल्यामुळे वर्षानुवर्षे पडून राहिलेली टीसीएस ही लहान विक्रेत्यांच्या बाबतीत नेहमीची गोष्ट आहे.

तर एका कुर्तीचा हिशोब असा: खरी विक्री ४७५. त्यातून बाजारपेठेचे १३५, खरेदीचे २१० आणि पिशवी, लेबल, टेप मिळून पॅकिंगचे १२ रुपये वजा. उरले ११८. विक्रीच्या जवळजवळ २५ टक्के. वहीत हा आकडा लिहून लोक दुसऱ्या दिवशी दोनशे कुर्त्या उचलायला जातात.

आता शंभर पार्सले पाठवू.

ती शंभरच्या शंभर पोचत नाहीत. काही दारापर्यंत जाऊन परत येतात: गिऱ्हाईक घरी नाही, फोन उचलत नाही, किंवा पैसे पोचल्यावर द्यायचे होते आणि तोवर मन बदलले. याला व्यवहारात आरटीओ म्हणतात. दुसरी जात अधिक महागाची, गिऱ्हाईकाने माल घेऊन, उघडून, घालून बघून परत केलेला. कपड्यांत ही दोन्ही प्रमाणे मोठी असतात. आपण १२ आरटीओ आणि १३ गिऱ्हाईकाकडून परत धरू. गिऱ्हाईकांच्या घरात राहिल्या ७५ कुर्त्या.

७५ कुर्त्यांवर ११८ प्रमाणे ८,८५० रुपये. आरटीओवर वाहतूक लागली नाही असे धरले तरी १२ पार्सलांचे पॅकिंग वाया गेले, १४४ रुपये. गिऱ्हाईकाने परत केलेल्या १३ पार्सलांवर कमिशन माफ झाले, पण जाण्यायेण्याच्या वाहतुकीचे १३० आणि पॅकिंगचे १२ असे प्रत्येकी १४२, मिळून १,८४६. त्या तेरातल्या तीन कुर्त्या डाग पडून, उसवून किंवा भलत्याच मापाच्या येऊन पुन्हा विकण्याजोग्या राहिल्या नाहीत, ६३० रुपये. सगळे वजा जाता ६,२३० उरले. पार्सलामागे ११८ वरून ६२ वर आलो.

अजून जाहिरात राहिली. बाजारपेठेवर एकाच छापाच्या हजारो कुर्त्या असतात आणि शोधल्यावर पहिल्या पानावर दिसायचे असेल तर क्लिकमागे पैसे मोजावे लागतात. शंभर पार्सलांसाठी अडीच हजार धरले तर ३,७३० उरतात. पार्सलामागे ३७ रुपये.

आणि मग जीएसटीची एक गाठ आहे, जी फारच थोडे लोक सोडवून सांगतात. वर आपण सगळ्या शुल्कांवरचा १८ टक्के जीएसटी खर्चात धरला नाही, कारण नोंदणीकृत विक्रेत्याला त्याची वजावट, म्हणजे इनपुट क्रेडिट मिळते. कागदावर हे खरे आहे. पण आपली कुर्ती ५ टक्क्यांची आहे. तिच्या विक्रीवर सरकारला द्यायचा कर पावणेचोवीस रुपये. हातात असलेले क्रेडिट मात्र खरेदीवरचे साडेदहा आणि शुल्कावरचे चोवीस रुपये तीस पैसे, मिळून ३४ रुपये ८० पैसे. म्हणजे दर कुर्तीमागे ११ रुपये क्रेडिट वापरायला जागाच नाही, ते पोर्टलवर साचत राहते. उलट्या कररचनेत, म्हणजे विक्रीपेक्षा खरेदीवरच्या कराचा दर जास्त असताना, साचलेल्या क्रेडिटचा परतावा देण्याची तरतूद कायद्यात आहे, पण त्याचे सूत्र मालावरच्या कराचेच क्रेडिट मोजते, सेवांवरच्या कराचे मोजत नाही. हे सूत्र सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये व्हीकेसी फुटस्टेप्स खटल्यात वैध ठरवले. बाजारपेठेचे कमिशन, वाहतूक, जाहिरात या सगळ्या सेवाच. त्यामुळे हा कर ना वळता होतो, ना परत मिळतो.

आपल्या शंभर पार्सलांवर ही अडकलेली रक्कम किती? विकलेल्या ७५ वर ११ प्रमाणे ८२५, परत आलेल्यांच्या वाहतुकीवर सुमारे ३०४, जाहिरातीवर ४५०. मिळून १,५७९. ३,७३० मधून ते काढले तर हातात रोख उरतात २,१५१ रुपये, पार्सलामागे साडेएकवीस. ११८ पासून निघून आपण इथे पोचलो आणि अजून घरभाडे, वीज, फोटो, शिवाय शंभर पिशव्या भरणाऱ्या माणसाची मजुरी यातली एकही गोष्ट मोजलेली नाही. स्वस्त कपडा, चप्पल, खाद्यपदार्थ असा ५ टक्क्यांचा माल विकणाऱ्या लहान माणसावर हा नियम अन्याय करतो असे माझे स्पष्ट मत आहे. मोठा व्यापारी १८ टक्क्यांचा मालही विकतो आणि साचलेले क्रेडिट तिकडे जिरवतो. डोंबिवलीत फक्त कुर्त्या विकणारीला ती वाट नाही.

ज्यांच्याकडे जीएसटी नोंदणीच नाही त्यांच्यासाठी १ ऑक्टोबर २०२३ पासून एक दार उघडले आहे. त्याआधी ऑनलाइन बाजारपेठेवर माल विकायचा तर पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची होती. आता मालाची वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर पोर्टलवरून एक क्रमांक घेऊन, नोंदणीशिवाय, फक्त आपल्या राज्यातल्या गिऱ्हाईकांना विकता येते. भाजणी, मेतकूट, लोणची घरी करून विकणाऱ्या बाईला ही खरी सवलत आहे, कारण तिची गिऱ्हाईके बव्हंशी ठाण्यापासून पुण्या-नाशिकपर्यंतच असतात. अन्नपदार्थांना एफएसएसएआयची नोंदणी मात्र लागतेच. एक ध्यानात ठेवायचे: नोंदणी नाही म्हणजे क्रेडिटही नाही. शुल्कावरचे १८ टक्के तिच्यासाठी सरळ खर्च आहेत आणि पहिल्या दिवसापासून ते किमतीत धरले पाहिजेत.

शून्य कमिशनच्या घोषणांविषयी आता बोलता येईल. मीशोने २०२१ मध्ये विक्रेत्यांचे कमिशन बंद केले. अ‍ॅमेझॉनने एप्रिल २०२५ पासून तीनशे रुपयांच्या आतल्या एक कोटीहून अधिक वस्तूंवरचे काढले. फ्लिपकार्टने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हजार रुपयांच्या आतल्या मालासाठी तसेच जाहीर केले. या घोषणा खऱ्या आहेत आणि त्यांचा उपयोगही होतो. पण उपयोग किती, ते मोजायला हवे. १४९ रुपयांची वस्तू घ्या. १० टक्के कमिशन गेले तर विक्रेत्याचे १५ रुपये वाचले. वाहतुकीचे ६५ तसेच राहिले, कारण कुरिअरवाल्याच्या लेखी दीडशेची वस्तू आणि दीड हजाराची वस्तू सारखीच जागा घेते. ठरावीक रुपयांत लागणारे शुल्क स्वस्त वस्तूच्या किमतीचा निम्मा भाग खाते आणि महाग वस्तूला जाणवतही नाही. म्हणूनच दीडशेच्या आतली एकटी वस्तू ऑनलाइन विकणे बहुतेकांना पडत नाही. तिचे तीन नग एका पाकिटात घालून ४२९ ला विकले तर वाहतूक एकदाच लागते. भाजणीची अर्ध्या किलोची एक पिशवी विकण्यापेक्षा भाजणी, मेतकूट आणि लसणीची चटणी असा संच करणे शहाणपणाचे ठरते ते यामुळे.

वाहतुकीच्या ओळीत अजून एक गोष्ट दडलेली असते आणि माझ्या मते संपूर्ण पट्टीतली ती सर्वांत शिकण्यासारखी आहे. वजन फक्त काट्यावर ठरत नाही. पार्सलाची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणायची आणि ५,००० ने भागायचे. येणारे उत्तर किलोमध्ये आणि काट्यावरचे वजन यांतले जे जास्त असेल त्यावर पैसे लागतात. ट्रकात जागा संपते ती बहुधा वजन संपण्याआधी, म्हणून हा नियम आहे आणि त्यात काही गैर नाही.

दिवाळीचा आकाशकंदील घ्या. कागद, काड्या, झिरमिळ्या मिळून वजन चारशे ग्रॅम. उभा करून ४० सेंटिमीटर लांब, तितक्याच रुंद आणि उंच खोक्यात घातला तर ६४,००० भागिले ५,०००, म्हणजे १२.८ किलो. चारशे ग्रॅमच्या कंदिलाला जवळजवळ तेरा किलोचे भाडे. हाच कंदील घडीचा केला आणि ४० बाय ४० बाय ४ च्या चपट्या खोक्यात बसवला तर ६,४०० भागिले ५,०००, म्हणजे १.२८ किलो. भाडे एकदम दहाव्या हिश्शावर येत नाही, टप्प्याटप्प्याने उतरते, तरी पहिला कंदील विकणे अशक्य आणि दुसरा विकणे शक्य, इतका फरक पडतो. म्हणजे नफा इथे कारागिराच्या हातात आहे, घडी कुठे पाडायची या निर्णयात. घडीचा कंदील उघडायचा कसा हे दाखवणारी चार चित्रे खोक्यात टाकायला विसरू नका, नाहीतर वाहतुकीत वाचलेले पैसे परतीच्या पार्सलात जातील.

पॅकिंगच्या ठिकाणी मापपट्टी आणि वजनकाटा हवाच. भरलेल्या पार्सलाचे मापपट्टीसकट फोटो काढून ठेवावेत. कुरिअरच्या यंत्राने मोजलेले वजन आणि विक्रेत्याने नोंदवलेले वजन यांत तफावत निघाली की फरकाचे पैसे कापले जातात. त्यावर तक्रार करता येते, पण ती ठरावीक मुदतीत आणि पुराव्यासह. परत आलेले पार्सल उघडताना लेबल दिसेल असा अखंड व्हिडिओ काढण्याची पद्धत याच कारणाने रुजली आहे. आत वेगळीच वस्तू निघाली तर भरपाईचा दावा व्हिडिओशिवाय टिकत नाही.

परतीच्या पार्सलांकडे पुन्हा वळू, कारण नफ्याचा खरा लगाम तिथे आहे. आपल्या कुर्तीत गिऱ्हाईकाकडून आलेल्या एका परतीची किंमत १४२ आणि खराब मालाचा वाटा सुमारे ४८, म्हणजे १९० रुपये पडते. एक परत आलेली कुर्ती विकलेल्या दीडेक कुर्त्यांचा नफा घेऊन जाते. आता समजा, बाजारपेठेने आपल्यावर मेहेरबान होऊन कमिशन १० टक्क्यांवरून ८ टक्के केले. ७५ कुर्त्यांवर साडेसातशे रुपये वाचतील. त्याऐवजी कमिशन तेच राहिले, पण परती १३ वरून ८ वर आल्या आणि त्यांतल्या दोनच खराब निघाल्या, तर? विकलेल्या होतात ८०. त्यांवरचे ९,४४० मधून आरटीओचे १४४, परतीचे १,१३६ आणि खराब मालाचे ४२० वजा करा. जाहिरातीआधी ७,७४० उरतात, म्हणजे आधीच्या ६,२३० पेक्षा दीड हजार जास्त. कमिशनच्या सवलतीच्या दुप्पट.

परती तेरावरून आठवर कशा आणायच्या? घाऊक व्यापाऱ्याने दिलेला मापांचा तक्ता जसाच्या तसा चिकटवू नका. आलेल्या मालातली प्रत्येक मापाची एक कुर्ती टेबलावर पसरून छाती, खांदा, बाही आणि उंची टेपने मोजा आणि तेच आकडे लिहा. एकाच ‘एल’ मापात दोन कारखान्यांच्या मालात दोन इंचांचा फरक सर्रास असतो. रंगाचा फोटो उन्हात खिडकीपाशी काढा. कापड पातळ असेल तर पातळ लिहा. वर्णनात खरे लिहिल्याने काही ऑर्डरी जातात, पण ज्या जातात त्यांतल्या पुष्कळ परत येणाऱ्याच असतात. मग दर महिन्याला परतीची यादी कारणांनुसार लावून बघा. परतींचा मोठा भाग थोड्या वस्तूंतून येत असल्याचे बहुतेक वेळा दिसते. ती वस्तू ऑर्डरींच्या आकड्यात सर्वांत पुढे असली तरी उतरवून टाकायला कचरू नये. विकली जाणारी वस्तू बंद करणे जड जाते हे खरे, पण शंभर पार्सलांमागे ती खिशातून पैसे काढत असेल तर तिची प्रत्येक नवी ऑर्डर तोटा वाढवत असते.

माल स्वतः घरून पाठवायचा की बाजारपेठेच्या गोदामात ठेवायचा, हाही हिशोबाचाच प्रश्न. गोदामात ठेवला तर पोचवणूक लवकर होते, ऑर्डरी वाढतात आणि पॅकिंगचे कष्ट वाचतात. त्याबदल्यात हाताळणीचे शुल्क, व्यापलेल्या जागेचे दरमहा भाडे आणि माल फार दिवस पडून राहिला तर जादा आकार. माल परत मागवायचा तर त्याचेही पैसे. जलद हलणाऱ्या, लहान, न चुरगळणाऱ्या वस्तूला हे परवडते. ठाणेकर विक्रेत्याला इथे एक लाभ आहे. गोदाम भिवंडीचे असले तर ते याच राज्यातले, त्यामुळे आपल्या जीएसटी नोंदणीत व्यवसायाचे अतिरिक्त ठिकाण म्हणून ते जोडले की झाले. हरियाणा किंवा कर्नाटकातल्या गोदामात माल ठेवायचा तर त्या राज्याची वेगळी नोंदणी, वेगळी विवरणपत्रे आणि वेगळी फी.

किंमत ठरवण्याची दिशा आता उलटी करावी लागते. ‘२१० ला पडली, ४९९ ला लावू’ असे वरून खाली न येता, शंभर पार्सलांमागे हातात किती रोख हवी ते आधी ठरवा. एका माणसाने दिवसाला चाळीस पार्सले भरली आणि त्याची मजुरी सहाशे धरली तर पार्सलामागे पंधरा रुपये तिथेच गेले. आपल्या कुर्तीचे साडेएकवीस रुपये होते, राहिले साडेसहा. म्हणजे ४९९ ही किंमत या खरेदीला पुरी पडत नाही. एकतर माल १८५ ला मिळवायला हवा, किंवा ५४९ ला विकला जाईल असे काहीतरी त्या कुर्तीत हवे: खिसा, चांगले अस्तर, सुती कापड, दुसऱ्याकडे नसलेली छपाई. तीच कुर्ती जशीच्या तशी आणखी दहा जणांनी त्याच बाजारातून उचललेली असेल तर किंमत वाढवणे हातात राहत नाही. जो हिशोब न करता विकतो आहे तोच सर्वांची किंमत ठरवतो. त्याच्याशी स्पर्धा करण्याऐवजी तो माल सोडून द्यावा.

मोठ्या सेलच्या दिवसांत ही शिस्त सर्वांत कठीण होते. नवरात्रापासून दिवाळीपर्यंत बाजारपेठा सवलतीत भाग घ्या म्हणून सुचवत राहतात. सवलत कोणाच्या खिशातून जाते ते प्रत्येक वेळी वाचून बघा. विक्रेत्याच्या खिशातून जात असेल तर ४९९ च्या कुर्तीवर १० टक्के सूट म्हणजे पन्नास रुपये, आणि आपल्याकडे पार्सलामागे उरत होते साडेएकवीस. ऑर्डरी तिप्पट होतील आणि तोटाही.

सेलच्या महिन्यात भांडवलाचाही ताण येतो. घाऊक व्यापारी रोख मागतो, बाजारपेठ पैसे देते ते पार्सल पोचल्यानंतर काही दिवसांनी, आणि मध्ये परतीचा माल रस्त्यात फिरत असतो, जो ना कपाटात आहे ना विकलेला. दिवाळीआधी खपलेल्या कुर्त्यांच्या परती भाऊबीज उलटल्यावर येऊ लागतात. त्या परतींची क्रेडिट नोट नंतरच्या महिन्याच्या विवरणपत्रात जाते, वाहतुकीची कपात त्याच्याही पुढच्या पट्टीत दिसते. त्यामुळे दिवाळीच्या विक्रीचा हिशोब मिटवण्याची योग्य वेळ डिसेंबरचा पहिला आठवडा. तोवर बँकेत दिसणाऱ्या रकमेतून संक्रांतीसाठीचा माल उचलू नये.